बुद्धिबळयंत्र आणि अंत्यखेळ

सन 2000 च्या नोव्हेंबर-डिसेंबर महिन्यांत बुद्धिबळाच्या जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा नवी दिल्ली येथे भरली होती. अंतिम सामना तेवढा तेहरान येथे झाला, आणि त्यात विश्वनाथन आनंद यांनी अलेक्सी शिरोव यांचा पराभव करून हे पद मिळविणारे पहिले भारतीय खेळाडू होण्याचा मान मिळविला. दिल्लीच्या उपांत्य फेरीत आनंद यांनी मायकेल ॲडम्स यांना, तर शिरोव यांनी अलेक्झांडर ग्रिश्चुक यांना हरविले होते. ह्या शिरोव यांच्या नावाशी एक विलक्षण खेळी कायमची जोडली गेली आहे. दिल्लीस येण्यापूर्वी दोन वर्षे, म्हणजे 1998 साली, स्पेनमधील लिनारेस येथे व्हेसेलिन तोपालोव यांच्याविरुद्धच्या डावात त्यांनी आपला उंट बिनदिक्कत प्रतिपक्षाच्या प्याद्याच्या तोंडी दिला आणि डाव जिंकला. पुढे कितीतरी वर्षे हीच स्थिती बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रांची परीक्षा पाहण्यासाठी वापरली गेली, आणि पुष्कळ यंत्रे त्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाली.

ही गोष्ट सामान्य वाचकास कोड्यासारखी वाटेल. 1997 साली ‘डीप ब्लू’ ह्या यंत्राने विश्वविजेत्या गॅरी कास्पारोव्ह यांना सामन्यात पराभूत केले होते. आज तर खिशातील दूरध्वनीवर चालणारी आज्ञावलीसुद्धा कोणत्याही मानवी खेळाडूस भारी पडते. असे असता, पटावर मोहरी थोडी उरली, म्हणजे गणित सोपे व्हावयास हवे त्याच वेळी, यंत्राचा अंदाज चुकतो तो का? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना यंत्र विचार कसा करते, किंबहुना विचार न करता निर्णय कसा देते, हे पाहणे क्रमप्राप्त आहे.

यंत्र डाव कसा जोखते

यंत्राची दोन कामे असतात. पहिले काम शोधाचे. ‘मी ही खेळी केली तर प्रतिपक्ष कोणती करील, त्यावर मी कोणती करीन’ अशी खेळ्यांची शाखोपशाखांनी पसरत जाणारी मालिका ते तपासते. दुसरे काम मूल्यमापनाचे. शोध जेथे थांबवावा लागतो तेथील स्थिती चांगली की वाईट, हे ते एका अंकाने सांगते. ह्या अंकाचा पाया अगदी साधा आहे. प्याद्याची किंमत एक धरली, तर घोडा व उंट प्रत्येकी सुमारे तीन, हत्ती पाच आणि वजीर नऊ. ह्या बेरजेत राजाची सुरक्षितता, मोहऱ्यांना मिळणारी मोकळी घरे, पुढे सरकलेली प्यादी इत्यादींचे गुण मिळवले जातात.

अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1950 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही योजना प्रथम सविस्तर मांडली. एका स्थितीत सरासरी तीस खेळ्या शक्य असतात असे धरून, चाळीस खेळ्यांचे सर्व संभाव्य डाव मोजू गेल्यास एकावर एकशेवीस शून्ये इतकी संख्या होते, असा हिशेब त्यांनी दिला. हे सारे डाव तपासणे कोणत्याही यंत्रास कधीही शक्य नाही. म्हणून यंत्राला दोन गोष्टी कराव्याच लागतात. कोठे तरी थांबावे लागते, आणि निरर्थक दिसणाऱ्या फांद्या न तपासताच छाटाव्या लागतात. यंत्राचे सामर्थ्य ह्या दोन युक्त्यांत आहे, आणि त्याच्या बहुतेक चुकांचा उगमही ह्याच दोन युक्त्यांत आहे.

पुढील उदाहरणे वाचताना पट मांडून घेतल्यास विषय अधिक स्पष्ट होईल. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उभ्या रांगांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे असून आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने एक ते आठ असे क्रमांक आहेत.

बेरीज बरोबर, निर्णय चूक

सर्वांत सोप्या उदाहरणापासून आरंभ करू. पांढऱ्याजवळ राजा, काळ्या घरांवरून चालणारा उंट आणि ए रांगेतील एक प्यादे आहे. काळ्याजवळ केवळ राजा आहे, आणि तो ए8 ह्या कोपऱ्यातील घरात उभा आहे. बेरीज केली तर पांढऱ्याचे चार गुण अधिक होतात, आणि एवढे आधिक्य सामान्यतः विजयास पुरेसे असते. परंतु प्याद्याला वजीर व्हावयाचे ते ए8 घर पांढऱ्या रंगाचे आहे, आणि पांढऱ्याचा उंट जन्मभर काळ्या घरांवरूनच फिरणार. तो त्या घरावर कधीही मारा करू शकत नाही. काळा राजा कोपऱ्यातून हलवता येत नाही. फार तर त्याची कोंडी होईल, म्हणजे त्यास शह नसेल आणि खेळीही उरणार नाही. नियमाप्रमाणे अशा वेळी डाव बरोबरीत सुटतो.

शाळेतील विद्यार्थ्याला हे एकदा समजावून दिले की तो आयुष्यभर विसरत नाही. प्रारंभीच्या यंत्रांना मात्र ते ठाऊक नव्हते. ती चार गुणांचे आधिक्य पाहून अशाच अंत्यखेळाकडे आनंदाने धाव घेत. त्यांनी कितीही पुढचे पाहिले तरी प्रत्येक वेळी गुण तेवढेच दिसत, कारण उंट व प्यादे जागच्या जागी सुरक्षित असत. पुढे आज्ञावली लिहिणाऱ्यांनी हा अपवाद नियम म्हणून यंत्रात घातला. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, यंत्राची बेरीज कोठेही चुकली नव्हती. मोजावयाची वस्तूच निराळी होती.

क्षितिजापलीकडचे

समुद्रकिनाऱ्यावर उभ्या असलेल्या मनुष्याला क्षितिजापलीकडील गलबत दिसत नाही, म्हणून ते नाहीच असे तो म्हणत नाही. यंत्र मात्र नेमके तसेच म्हणते. त्याचा शोध जेथे संपला त्यापुढे काही घडणारच नाही, असे धरून ते निर्णय देते. हान्स बर्लिनर हे पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचे विश्वविजेते होते आणि पुढे संगणकशास्त्राचे संशोधक झाले. त्यांनी 1973 साली ह्या दोषास ‘क्षितिज-परिणाम’ असे नाव दिले. ह्या परिणामाची एक गमतीची बाजू अशी की, अटळ संकट समोर दिसू लागले म्हणजे यंत्र मधेच एखादे शह देते किंवा एखादे प्यादे फुकट देते. त्यामुळे ते संकट दोन खेळ्या पुढे, म्हणजे क्षितिजापलीकडे, ढकलले जाते, आणि संकट टळले असे यंत्रास वाटते.

लिनारेसचा डाव ह्याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. सत्तेचाळिसाव्या खेळीच्या वेळी काळ्याचा राजा ई6 वर, उंट एफ5 वर आणि प्यादी ए4, डी5, एफ6, जी6 ह्या घरांवर होती. पांढऱ्याचा राजा जी1 वर, उंट सी3 वर आणि प्यादी जी2 व एच4 वर होती. खेळी काळ्याची, म्हणजे शिरोव यांची होती. काळ्याजवळ दोन प्यादी अधिक आहेत, परंतु दोघांचे उंट भिन्न रंगांच्या घरांवरून चालणारे आहेत. अशा अंत्यखेळांत दोन प्याद्यांचे आधिक्यही पुष्कळदा व्यर्थ ठरते, कारण बचाव करणारा आपल्या उंटाच्या रंगाच्या घरांवर प्यादी अडवून बसतो.

काळ्याच्या राजाला ई4 ह्या घरी पोचावयाचे आहे. पांढऱ्याचा राजा दोन खेळ्यांत ई3 वर आला तर वाट बंद होते. काळा राजा ई5 वरून जाऊ शकत नाही, कारण पांढऱ्या उंटाचा तेथे मारा आहे. डी5 वर स्वतःचेच प्यादे आहे. एफ5 वरून जावे, तर तेथे स्वतःचाच उंट उभा आहे. म्हणून उंटाने बाजूस व्हावयाचे, पण असे की पांढऱ्याला त्यास उत्तर देण्यात एक खेळी खर्चावी लागेल. उंट ई4 वर नेला तर तो जी2 च्या प्याद्याला भिडतो खरा, परंतु राजाला हवे असलेले घरच अडवून बसतो. उरले एकच घर, एच3. तेथून तो जी2 च्या प्याद्यावर मारा करतो, आणि स्वतः त्याच प्याद्याकडून मारला जातो.

शिरोव यांनी तीच खेळी केली. तोपालोव यांनी उंट मारला. काळा राजा एफ5 वर, पांढरा राजा एफ2 वर, आणि काळा राजा ई4 वर आला. शर्यत एका पावलाने जिंकली गेली. पांढऱ्याने एफ6 चे प्यादेही मारले, पण काळ्याची ए व डी रांगांतील दोन दूरदूरची प्यादी आपल्या राजाच्या साहाय्याने पुढे सरकू लागली. एकट्या उंटाला दोन्ही आघाड्या सांभाळणे शक्य नव्हते. त्रेपन्नाव्या खेळीअखेर पांढऱ्याने डाव सोडला.

आता यंत्राच्या दृष्टीने पाहावे. उंट दिल्याबरोबर तीन गुण गेले. थोड्या खेळ्यांनी आणखी एक प्यादे गेले. त्यांचा मोबदला केव्हा मिळतो? दोन्ही बाजूंच्या खेळ्या वेगवेगळ्या मोजल्या तर उंटाच्या खेळीपासून डाव सोडीपर्यंत तेरा अर्धखेळ्या झाल्या, आणि तरीही पटावर नवा वजीर आलेला नव्हता. प्रत्येक पायरीवर केवळ दहा पर्याय धरले तरी तेरा पायऱ्यांवर दहा लाख कोटी मार्ग होतात. हे सर्व तपासणे परवडत नाही, म्हणून ज्या खेळीने उंट फुकट जातो ती फांदी यंत्र लवकरच दुय्यम ठरविते आणि तिचा शोध आखूड करते. खरी खेळी यंत्राच्या यादीत असते, परंतु तिच्याकडे पुरेसे पाहण्यापूर्वीच ती मागे टाकली जाते. मानवी खेळाडू उलट दिशेने विचार करतो. ‘राजाला ई4 हवे, वाट अडली आहे, अडथळा कसा दूर होईल?’ असे हेतूवरून साधनाकडे येत असता, एच3 ची खेळी कितीही विचित्र असली तरी त्याच्यापुढे आपोआप उभी राहते.

खेळणेच जेव्हा घातक होते

दुसरी युक्ती छाटणीची. तिच्यातील एक प्रसिद्ध प्रकार असा : यंत्र क्षणभर कल्पना करते की आपण आपली पाळी सोडून दिली आणि प्रतिपक्षाला लागोपाठ दोनदा खेळू दिले. एवढी सवलत देऊनही आपली स्थिती उत्तम राहत असेल, तर प्रत्यक्ष खेळी केल्यावर ती त्याहून वाईट होण्याचे कारण नाही. म्हणून त्या फांदीचा अधिक शोध घेण्याची गरज नाही. डावाच्या मध्यात हा तर्क बहुधा खरा ठरतो आणि यंत्राचा अमाप वेळ वाचतो. परंतु त्यामागे एक गृहीत दडलेले आहे. खेळी करणे हे न करण्यापेक्षा कधीही वाईट नसते, हेच ते गृहीत.

अंत्यखेळात हे गृहीत कोसळते. पांढरा राजा सी5 वर व प्यादे डी4 वर, काळा राजा ई4 वर व प्यादे डी5 वर, एवढीच चार मोहरी मांडावीत. दोन्ही राजे आपापल्या प्याद्याचे रक्षण करीत आहेत आणि प्रतिपक्षाच्या प्याद्यावर टपून आहेत. दोन्ही प्यादी एकमेकांसमोर अडकल्याने हलू शकत नाहीत. ज्याची पाळी असेल त्याला राजा हलवावाच लागेल, प्याद्याचे रक्षण सुटेल, आणि डाव जाईल. गुणांची बेरीज दोघांचीही समान आहे, परंतु ‘पाळी कोणाची’ एवढ्याच एका गोष्टीवर जयापजय ठरतो. खेळीच्या ह्या सक्तीस जर्मन भाषेतील ‘त्सुगत्स्वांग’ हे नाव जगभर रूढ झाले आहे.

अशा स्थितीत पाळी सोडण्याची कल्पना करणारे यंत्र स्वतःला फसवते. पाळी सोडता आली असती तर ते सुरक्षित राहिले असते, पण नियम तशी मुभा देत नाही. म्हणून पटावर राजे आणि प्यादीच उरली असता ही युक्ती बंद ठेवण्याची व्यवस्था आज्ञावलींत केली जाऊ लागली. तरीही जेथे एखादे मोठे मोहरे शिल्लक आहे आणि तेथेही खेळीची सक्ती लपलेली आहे, अशा डावांत धोका उरतोच.

ह्याच जातीची आणखी एक काटकसर प्रारंभीच्या काळी केली जाई. आठव्या रांगेत पोचलेल्या प्याद्याचे रूपांतर वजिरातच होईल असे धरले जाई, कारण क्वचितच कोणी त्याहून हलके मोहरे मागतो. ह्या काटकसरीची किंमत पाहावयाची असल्यास 1895 साली ग्लासगो येथे प्रसिद्धीस आलेली आणि सावेद्रा नावाच्या धर्मगुरूच्या नावाने अमर झालेली स्थिती मांडावी. पांढरा राजा बी6 वर, प्यादे सी6 वर, काळा राजा ए1 वर, हत्ती डी5 वर, खेळी पांढऱ्याची. प्यादे सी7 वर जाते. काळा हत्ती डी रांगेतून एकामागून एक शह देत जातो, आणि पांढरा राजा बी5, बी4, बी3 अशा पायऱ्यांनी उतरत सी2 वर येतो. तेव्हा काळा हत्ती डी4 वर जाऊन सापळा लावतो. आता सी8 वर वजीर केला तर हत्ती सी4 वर शह देतो. वजिराने हत्ती मारला की काळ्या राजाची कोंडी होते आणि डाव बरोबरीत सुटतो. परंतु सी8 वर वजिराऐवजी हत्ती मागितला तर ए8 वरून मात होण्याची धमकी उत्पन्न होते. काळ्याला आपला हत्ती ए4 वर आणावाच लागतो. मग पांढरा राजा बी3 वर येऊन एकाच वेळी हत्तीवर मारा करतो आणि सी1 वरील मातेची धमकी देतो. नऊऐवजी पाच गुण पत्करल्याने विजय मिळतो. हलक्या रूपांतराचा विचारच न करणारे यंत्र ह्या ठिकाणी ‘बरोबरी’ एवढेच म्हणेल, आणि त्यास स्वतःची चूक कधीही कळणार नाही.

अभेद्य तटबंदी

आतापर्यंतच्या उदाहरणांत अधिक वेळ किंवा एखादा नियम देऊन यंत्राची चूक सुधारता येत होती. 2017 साली विख्यात गणितज्ञ रॉजर पेनरोज यांच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेने एक स्थिती प्रसिद्ध केली, तिचे स्वरूप निराळे आहे. तीत पांढऱ्याजवळ ई2 वर राजा आणि ए2, बी3, सी4, सी6 येथे चार प्यादी एवढीच संपत्ती आहे. काळ्याजवळ ए6 वर राजा, ए5 वर वजीर, ए4 व बी5 वर दोन हत्ती, ई5, एफ4, जी3 येथे तीन उंट, आणि ए3, ए7, बी4, बी6, सी5 येथे पाच प्यादी आहेत. साध्या बेरजेने काळा प्रचंड पुढे आहे.

तथापि पट नीट पाहिला असता असे दिसते की काळ्याचा राजा, वजीर आणि दोन्ही हत्ती डाव्या कोपऱ्यात आपल्याच प्याद्यांच्या गर्दीत चिणले गेले आहेत. त्यांतील एकालाही हलावयास घर नाही. मोकळे आहेत ते तीन उंट, आणि तिन्ही काळ्या घरांवरून चालणारे. पांढऱ्याची चारही प्यादी पांढऱ्या घरांवर आहेत. पांढऱ्या राजाने पांढऱ्याच घरांवरून येरझारा घालाव्यात. तीन काय, तीनशे उंटही त्यास शह देऊ शकणार नाहीत. प्यादे न हलता व मोहरे न मारले जाता दोन्ही बाजूंच्या पन्नास-पन्नास खेळ्या झाल्या की नियमानुसार बरोबरी मागता येते. डाव बरोबरीचा आहे हे समजण्यास शाळकरी विद्यार्थ्यास काही मिनिटे पुरतात. त्या काळातील बलाढ्य यंत्रे मात्र काळा जिंकणार असे ठामपणे सांगत होती.

येथे शोध खोल केल्याने लाभ होत नाही. उंटांच्या निरुद्देश फेऱ्या असंख्य प्रकारांनी करता येतात. प्रत्येक फेरीच्या शेवटी यंत्र पुन्हा बेरीज करते, आणि पुन्हा तोच आकडा येतो. ‘काहीही केले तरी फरक पडणार नाही’ हे विधान एखाद्या खेळीविषयीचे नसून सर्व खेळ्यांविषयीचे आहे. मनुष्य ते एका दृष्टिक्षेपात रंगांच्या भेदावरून सिद्ध करतो. यंत्र मात्र एकेक खेळी मोजत त्या सिद्धतेच्या शोधात भटकत राहते.

शेवटाकडून आरंभाकडे

ह्या दोषांवर संशोधकांनी एक मूलगामी उपाय शोधला. पुढे पाहण्याऐवजी मागे पाहावयाचे. ज्या स्थितींत मात झालेली आहे त्यांची प्रथम यादी करावयाची. मग एका खेळीने त्यांत पोचता येईल अशा स्थितींची. मग दोन खेळ्यांनी पोचता येईल अशांची. याप्रमाणे ठरावीक मोहऱ्यांच्या सर्व शक्य स्थितींचा निकाल लागेपर्यंत हे काम चालू ठेवावयाचे. अशा कोष्टकांत अंदाजाला जागाच नसते. तेथे प्रत्येक उत्तर सिद्ध झालेले असते.

ह्या कोष्टकांनी प्रथम धक्का दिला तो यंत्रांना नव्हे, माणसांना. दोन उंटांविरुद्ध एकटा घोडा असता विशिष्ट मांडणीत बचाव होतो, असे क्लिंग व होर्विट्झ यांनी 1851 साली प्रतिपादिले होते, आणि शतकाहून अधिक काळ ते ग्राह्य मानले गेले. 1983 साली केन थॉम्प्सन यांच्या संगणकीय कोष्टकाने दाखविले की दोन उंटांचा पक्ष सामान्यतः जिंकतोच, मात्र त्यास सहासष्टपर्यंत खेळ्या लागू शकतात. पन्नास खेळ्यांचा नियम अशा डावांत आड येतो. काही अंत्यखेळांसाठी ही मर्यादा मध्यंतरी वाढविण्यात आली होती. 1992 साली ती पुन्हा सर्वत्र पन्नास करण्यात आली. 2012 साली मॉस्को विद्यापीठाच्या ‘लोमोनोसोव’ महासंगणकावर सात मोहऱ्यांपर्यंतची कोष्टके पूर्ण झाली. त्यांत पाचशेहून अधिक खेळ्यांनी मात होणाऱ्या स्थितीही सापडल्या.

परंतु मोहऱ्यांची संख्या एकाने वाढली की कोष्टकाचा आकार कितीतरी पटींनी फुगतो. सावेद्राच्या स्थितीत चार मोहरी आहेत, म्हणून ती आता कोष्टकात आहे. लिनारेसच्या स्थितीत दहा आहेत आणि पेनरोज यांच्या स्थितीत सतरा. तेथे कोष्टक मौन पाळते, आणि यंत्राला पुन्हा अंदाजावरच विसंबावे लागते.

अलीकडे मूल्यमापनाची रीतही पालटली आहे. 2017 साली ‘अल्फाझीरो’ ह्या यंत्राने स्वतःशीच लक्षावधी डाव खेळून आपली पारख घडविली, आणि 2020 पासून ‘स्टॉकफिश’ ह्या प्रसिद्ध आज्ञावलीतही उदाहरणांवरून शिकणाऱ्या कृत्रिम चेताजालाचा उपयोग होऊ लागला. त्यामुळे यंत्राची पारख पुष्कळच सूक्ष्म झाली. तथापि शिकणाऱ्याला जे कधी दाखविलेच नाही ते तो ओळखणार कसे? तीन एकरंगी उंट आणि कोपऱ्यात चिणलेला वजीर अशी स्थिती खऱ्या डावांत येत नाही, म्हणून शिक्षणातही येत नाही. 2023 साली अल्फाझीरोच्या संशोधकांनी एकाच यंत्राऐवजी भिन्न भिन्न शैलींनी खेळणाऱ्या यंत्रांचा समूह तयार केला. एकट्या यंत्रास न सुटणारी, पेनरोज यांच्या जातीची कोडीही ह्या समूहास अधिक प्रमाणात सुटली. एकाच दृष्टीने फार खोल पाहण्यापेक्षा अनेक दृष्टींनी पाहणे कधीकधी अधिक फलदायी असते, हे त्यावरून दिसून आले.

आकडा आणि निर्णय

हा विषय केवळ खेळापुरता नाही. एके काळी अपुरा राहिलेला डाव रात्रभर तहकूब ठेवीत, आणि खेळाडू व त्याचे मित्र पहाटेपर्यंत पट मांडून त्यावर चर्चा करीत. यंत्रे प्रबळ झाल्यावर ती प्रथा मागे पडली. आज दिल्लीतील वा महाराष्ट्रातील एखादा विद्यार्थी आपला डाव यंत्रासमोर ठेवतो, एका क्षणात आकडा मिळतो, आणि तेथेच त्याची जिज्ञासा संपण्याचा संभव असतो. आकडा शंभरांत नव्व्याण्णव वेळा योग्य असेल. पण तो ‘का’ योग्य आहे हे यंत्र सांगत नाही, आणि शंभराव्या वेळी तो चुकला आहे हेही सांगत नाही. दोन्ही वेळी त्याचा स्वर सारखाच निश्चयी असतो.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी ‘विलासमणिमंजरी’ ह्या नावाने बुद्धिबळातील डावपेचांचा संस्कृत ग्रंथ रचला. 1814 साली मुंबईत त्याचे इंग्रजी रूपांतर छापले गेले. थोड्या मोहऱ्यांची अवघड मांडणी करून ‘आता मात कशी?’ असे विचारण्याची ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. तिचे प्रयोजन उत्तर मिळविणे एवढेच नव्हते. उत्तराचे कारण शोधण्याची बुद्धीला सवय लागावी, हे तिचे खरे प्रयोजन होते.

यंत्राचा त्याग करावा असा ह्याचा अर्थ नव्हे. दुर्बीण डोळ्यांहून दूरचे पाहते म्हणून कोणी ती फेकून देत नाही. तिच्या भिंगात दोष कोठे आहे हे जाणूनच खगोलशास्त्रज्ञ तिचा उपयोग करतो. बुद्धिबळयंत्राची क्षितिजे, त्याच्या छाटण्या आणि त्याची बेरीज ही त्याच्या भिंगातील अशीच ज्ञात वैगुण्ये आहेत. ज्या विद्यार्थ्याने लाकडी पटावर चार मोहरी मांडून, पाळी कोणाची आणि घर कोणत्या रंगाचे एवढे दोन प्रश्न स्वतःला विचारले आहेत, तो यंत्राकडून अधिक शिकेल. आणि यंत्र चुकेल तेव्हा ती चूक ओळखणाराही तोच असेल.